मनोविकारांची शारीरिक कारणमीमांसा आणि पेलाग्रा रोगाचा इतिहास

मनोविकार कशामुळे जडतात, हा प्रश्न मनुष्य फार प्राचीन काळापासून विचारीत आला आहे. देवाचा कोप, भूतबाधा, करणी, पूर्वजन्मीचे पाप ही त्याची एका प्रकारची उत्तरे होत. मेंदूतील बिघाड, जंतू, रक्तातील विष, अन्नातील उणीव ही दुसऱ्या प्रकारची. पहिल्या प्रकारच्या उत्तरांचा फोलपणा आपल्या वाचकांना निराळा समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. परंतु दुसऱ्या प्रकारच्या, म्हणजे शारीरिक कारणमीमांसेच्या पोटात दोन अगदी भिन्न विचार एकमेकांना चिकटून राहिलेले असतात आणि त्यांची गल्लत मोठमोठ्या विद्वानांकडूनही झालेली आहे. एक विचार असा की, या माणसाच्या शरीरात काही बिघडले आहे. ते का बिघडले ते शोधले पाहिजे. दुसरा विचार असा की, हा माणूस ज्या घराण्यात आणि ज्या रक्तात जन्मला ते रक्तच हीन आहे. तेथे शोधण्यासारखे काही उरलेले नाही. दोन्ही विचार विज्ञानाचीच भाषा बोलतात, म्हणून ते वरवर सारखे दिसतात. त्यांतील भेद जितका पेलाग्रा या रोगाच्या इतिहासात उघडा पडला आहे, तितका अन्यत्र क्वचितच पडला असेल.

बौद्ध वाङ्मयाच्या अभ्यासकाला कारणांचा हा वाद अपरिचित नाही. मनुष्य जे जे सुखदुःख भोगतो ते सर्व पूर्वकर्माचेच फळ होय, असे काही श्रमण-ब्राह्मण म्हणतात, त्याविषयी आपले मत काय, असे मोळियसीवक नावाच्या परिव्राजकाने भगवंतांना विचारल्याचा प्रसंग संयुत्तनिकायाच्या वेदनासंयुत्तात आला आहे. भगवंतांनी पित्त, कफ, वात, या तिहींचा सन्निपात, ऋतूंतील पालट, विषम राहणी आणि बाहेरून झालेला आघात ही सात कारणे आधी सांगितली व कर्मविपाक आठव्या स्थानी ठेवला. सर्व काही पूर्वकर्मामुळेच घडते असे म्हणणारे लोक प्रत्यक्ष अनुभवालाही सोडून बोलतात, असे त्यांनी स्पष्ट केले. विनयपिटकातही वेडाच्या भरात भिक्खूच्या हातून घडलेल्या कृत्याला आपत्ती मानलेली नाही. गग्ग भिक्खूच्या निमित्ताने संघाने त्यासाठी स्वतंत्र विनयकर्म ठरविले. यावरून आधुनिक वैद्यकशास्त्र त्रिपिटकात सांगून ठेवले होते, असा दावा करण्याचा मोह मात्र टाळलेला बरा. तेथे आहे ती कारण शोधण्याची रीत.

पेलाग्राकडे वळण्यापूर्वी आणखी एका रोगाचा उल्लेख करणे अवश्य आहे, कारण पुढील सर्व वादावर त्याची छाया पडलेली आहे. एकोणिसाव्या शतकात युरोपातील वेड्यांच्या इस्पितळांत 'जनरल पॅरेसिस' नावाच्या विकाराचे रुग्ण मोठ्या संख्येने असत. आपण सम्राट आहोत, आपल्यापाशी अगणित संपत्ती आहे असे भ्रम रुग्णाला होत. मग जीभ अडखळू लागे, हातपाय लुळे पडत आणि काही वर्षांत मृत्यू येई. पॅरिसजवळच्या शारांतों येथील इस्पितळात काम करणाऱ्या अँतवान बेल या तरुण वैद्याने १८२२ साली आपल्या प्रबंधात दाखवून दिले की, अशा रुग्णांच्या मेंदूच्या आवरणांना सूज आलेली असते. वेडाचा पुरावा प्रत्यक्ष शवात सापडल्याचे हे एक आरंभीचे उदाहरण होय. परंतु ही सूज कशामुळे येते यावर पुढे ९० वर्षे वाद चालला. कोणी मद्याला दोष दिला, कोणी नागर जीवनातील दगदगीला. फ्रान्समधील मोरेल यांनी १८५७ साली मांडलेला वंशाच्या ऱ्हासाचा सिद्धांत तर अतिशय लोकप्रिय ठरला. एका पिढीत चंचलपणा, पुढच्या पिढीत वेड, त्यापुढच्या पिढीत मतिमंदता आणि अखेर निर्वंश, अशी घराण्याची उतरंड त्यांनी लावून दिली. अखेर १९१३ साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत हिदेयो नोगुची आणि मूर यांनी या रुग्णांच्या मेंदूंत उपदंशाचे जंतू दाखविले. (नोगुची हे जपानच्या फुकुशिमा भागातील एका गरीब शेतकरी कुटुंबातील, लहानपणी त्यांचा एक हात भाजून निकामी झाला होता.) ज्या विकाराला घराण्याचा ऱ्हास म्हटले जात होते तो एक संसर्ग निघाला आणि १९४० नंतरच्या दशकात पेनिसिलीनने तो बहुतांशी आटोक्यात आला. या विजयाने वैद्यकशास्त्रात एक जबरदस्त अपेक्षा निर्माण केली. प्रत्येक वेडामागे एखादा जंतू असला पाहिजे, असे अनेकांना वाटू लागले.

पेलाग्रा हा त्वचेचा, पोटाचा आणि मनाचा रोग आहे. हातांच्या पाठी, पावले, मान असे उन्हाला उघडे राहणारे भाग प्रथम लाल होतात, मग काळे पडून सोलवटतात. जुलाब लागतात, तोंड येते. नंतर झोप उडते, खिन्नता येते, भ्रम होतात, रुग्णाला स्थळकाळाचे भान राहत नाही आणि उपचार न झाल्यास मृत्यू ओढवतो. स्पेनमधील अस्तुरियास प्रांतातील वैद्य गास्पार कसाल यांनी १७३५ च्या सुमारास गरीब शेतकऱ्यांत हा रोग पाहिला. इटलीच्या फ्रापोल्ली यांनी १७७१ साली त्याला 'खरखरीत कातडी' या अर्थाचे हे नाव दिले. उत्तर इटलीतील शेतमजूर मक्याच्या घट्ट लापशीवर वर्षाचा बहुतेक काळ काढीत आणि तेथील वेड्यांच्या इस्पितळांत पेलाग्राच्या रुग्णांचा भरणा असे. रोगाचा मक्याशी संबंध आहे हे बहुतेकांना दिसत होते. चेझारे लोंब्रोझो यांनी सडलेल्या मक्यातील विषावर ठपका ठेवला. गुन्हेगार जन्मतःच गुन्हेगार असतो आणि तो कवटीवरून ओळखता येतो, असे सांगणारे लोंब्रोझो ते हेच. माणसाच्या गुन्ह्याचे कारण त्याच्या जन्मात शोधणाऱ्या या विद्वानाने पेलाग्राचे कारण निदान अन्नात तरी शोधले, ही एक नवलाची गोष्ट होय.

मका मुळात अमेरिका खंडातील धान्य. मेक्सिकोतील मूळ रहिवासी तो चुन्याच्या पाण्यात शिजवून, धुऊन मग वाटीत आणि त्यांच्यात हा रोग सहसा आढळत नसे. युरोपीयांनी त्यांचे धान्य नेले. ते रांधण्याची विद्या मात्र हीन लोकांची म्हणून तेथेच टाकली. तिचे महत्त्व कळण्यास विसावे शतक उजाडावे लागले.

आता अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांकडे वळू. तेथील दक्षिणेच्या राज्यांत वेड आणि वंश यांची सांगड पेलाग्राच्या आधीपासूनच घातली गेली होती. १८४० च्या खानेसुमारीत असे आकडे आले की, उत्तरेतील स्वतंत्र काळ्या लोकांत वेडाचे प्रमाण दक्षिणेतील गुलामांपेक्षा कितीतरी अधिक आहे. मॅसॅच्युसेट्सचे डॉक्टर एडवर्ड जार्विस यांनी आकडे तपासले, तेव्हा ज्या गावांत एकही काळा मनुष्य राहत नव्हता तेथेही काळे वेडे नोंदलेले त्यांना आढळले. त्यांनी ही चूक जाहीर केली. तरीही १८४४ साली परराष्ट्रमंत्री जॉन कॅल्हून यांनी गुलामगिरी ही काळ्या लोकांच्या मानसिक आरोग्यास हितकर आहे असे त्याच आकड्यांच्या बळावर सांगितले. १८५१ साली सॅम्युएल कार्टराइट या डॉक्टराने त्यापुढचे पाऊल टाकले. गुलाम मालकाकडून पळून जातो तो 'ड्रॅपेटोमेनिया' नावाच्या मनोविकारामुळे, असे त्याने वैद्यकीय नियतकालिकात लिहिले. स्वातंत्र्याची इच्छा हा रोग आणि दास्य हे आरोग्य! अस्पृश्यतेची समर्थने वाचलेल्या आपल्या वाचकांना या तर्काची ओळख वेगळी करून द्यावी लागणार नाही.

अशा त्या प्रदेशात, अलाबामा राज्यातील माउंट व्हर्नन येथील काळ्या वेड्यांच्या इस्पितळात, १९०६ साली पेलाग्राची मोठी साथ उद्भवली. जॉर्ज सर्सी यांनी पुढील वर्षी तिचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. ८८ रुग्णांपैकी ५७ दगावले होते. परिचारिकांपैकी कोणालाही रोग झाला नव्हता. सर्सी यांनी मक्याऐवजी गव्हाचे अन्न सुरू केले. त्यानंतर दक्षिणेत ठिकठिकाणी, वेड्यांची इस्पितळे, अनाथाश्रम, तुरुंग आणि कापडगिरण्यांच्या वस्त्या यांतून हा रोग दिसू लागला. १९०६ ते १९४० या काळात अमेरिकेत सुमारे ३० लाख लोकांना तो झाला आणि सुमारे १ लाख मृत्यू पावले, असा अंदाज आहे. वाट्याने शेती करणारी काळी व गोरी कुटुंबे आणि गिरणीकामगार यांचे अन्न ठरलेले असे: मक्याचे पीठ, काकवी आणि डुकराची खारवलेली चरबी. जमीनमालकाला कापूस हवा असे, म्हणून झोपडीच्या दारापर्यंत कापूसच लावला जाई. भाजीला आणि गाईला जागा नसे.

जंतूंच्या शोधाने भारावलेल्या त्या काळात खासगी देणगीतून थॉम्पसन-मॅकफॅडन आयोग नेमण्यात आला आणि त्याने १९१२ पासून दक्षिण कॅरोलायनातील स्पार्टनबर्ग भागात घरोघर पाहणी केली. अन्नाशी संबंध दिसत नाही, रोग संसर्गजन्य असावा, असा या आयोगाचा कल पडला. आयोगाने जमविलेल्या वंशावळी चार्ल्स डॅव्हनपोर्ट यांच्याकडे अभ्यासासाठी गेल्या. डॅव्हनपोर्ट हे अमेरिकेतील सुप्रजाजननशास्त्राचे, म्हणजे चांगल्या वंशाची पैदास वाढवावी व हीन वंशाची थांबवावी असे सांगणाऱ्या पंथाचे, अग्रणी होते. १९१६ साली पेलाग्रातील आनुवंशिक घटकावर त्यांनी निबंध प्रसिद्ध केला. त्यांचे म्हणणे असे होते की, रोगाला बाह्य कारण असेल. परंतु तो कोणाला जडतो आणि कोणाला त्वचेचा, कोणाला मनाचा त्रास होतो, हे त्या घराण्याच्या उपजत प्रकृतीवर ठरते. रोग घराण्याघराण्यांतून दिसतो, हा त्यांचा पुरावा. एका घरातील माणसे एकाच चुलीवरचे जेवतात, ही साधी गोष्ट वंशावळीच्या तक्त्यात उमटत नाही.

आता गोल्डबर्गर यांच्याविषयी थोडे सविस्तर लिहिले पाहिजे. जोसेफ गोल्डबर्गर यांचा जन्म १८७४ सालचा, तत्कालीन ऑस्ट्रिया-हंगेरीतील एका ज्यू कुटुंबातला. लहानपणी ते न्यूयॉर्कला आले. तेथील स्थलांतरितांच्या दाट वस्तीत वडिलांनी किराणा दुकान चालविले. १८९९ साली ते सरकारी सार्वजनिक आरोग्य सेवेत शिरले आणि १९१४ साली पेलाग्राचे काम त्यांच्याकडे आले. दक्षिणेतील संस्थांना भेटी देताना त्यांनी प्रथम सूक्ष्मदर्शक उघडले नाही. त्यांनी कोण आजारी पडते आणि कोण पडत नाही एवढेच पाहिले. जॉर्जिया राज्यात मिलेजव्हिल येथे वेड्यांचे विस्तीर्ण इस्पितळ होते. तेथे वर्षानुवर्षे राहिलेल्या रुग्णांना पेलाग्रा होई. त्यांच्यात दिवसरात्र वावरणाऱ्या परिचारिका व सेवक यांना होत नसे. जंतू असा माणूस ओळखून थोडाच दंश करतो? अनाथाश्रमांत त्यांना आणखी एक विचित्र गोष्ट दिसली. रोगाचा जोर मुख्यतः ६ ते १२ वर्षांच्या मुलांत होता. अगदी लहान मुलांना थोडे दूध मिळे, १२ वर्षांवरील मुलांकडून काम करून घ्यावयाचे म्हणून त्यांना थोडे मांस मिळे. मधल्यांच्या वाट्याला मक्याची लापशी आणि काकवी.

गोल्डबर्गर यांनी मिसिसिपी राज्यातील जॅक्सन येथील दोन अनाथाश्रमांचा आहार बदलला. दूध, अंडी, मांस, शेंगवर्गीय धान्ये दिली. १९१४ च्या उन्हाळ्यात तेथे २०९ मुलांना पेलाग्रा होता. पुढील वर्षी त्यांपैकी १७२ मुले अद्याप आश्रमांत होती. रोग उलटला तो केवळ एकाला. मिलेजव्हिलला एक काळ्या व एक गोऱ्या स्त्रियांची, असे दोन कक्ष निवडून नवा आहार दिला. वर्षभर देखरेखीखाली राहिलेल्या ७२ जणींपैकी एकीलाही पुन्हा पेलाग्रा झाला नाही. जुन्याच आहारावर ठेवलेल्या ३२ जणींपैकी १५ जणींना झाला. विज्ञानाच्या दृष्टीने ही तुलना आवश्यक होती हे मान्य करूनही त्या १५ स्त्रियांची आठवण मनाला बोचते. त्यांना कोणी विचारले नव्हते.

पुढचा प्रयोग उलट दिशेचा होता. १९१५ साली मिसिसिपीच्या रँकिन तुरुंग-शेतावर, शिक्षामाफीच्या आश्वासनावर, निरोगी कैद्यांना मक्याच्या आहारावर ठेवण्यात आले. सुमारे सहा महिन्यांनी ११ पैकी ६ जणांना पेलाग्रा झाला. तरीही जंतुवादी टीकाकार गप्प बसेनात. तेव्हा १९१६ साली गोल्डबर्गर, त्यांचे सहकारी आणि पत्नी मेरी अशा एकूण १६ जणांनी पेलाग्राच्या रुग्णांचे रक्त स्वतःला टोचून घेतले. पुरुषांनी रुग्णांच्या खपल्या व मलमूत्र पिठाच्या गोळ्यांत मळून गिळले. कोणालाही रोग झाला नाही.

येथे एक कालसंगती नोंदवावीशी वाटते. गोल्डबर्गर यांचा हा प्रयोग १९१६ च्या एप्रिल महिन्यात सुरू झाला आणि त्याच वर्षी ९ मे रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेबांनी भारतातील जातींवरील आपला निबंध वाचला. दोघांचा परस्परांशी संबंध आल्याचा पुरावा नाही आणि तसे सुचविण्याचा येथे हेतूही नाही. परंतु डॅव्हनपोर्ट यांचे वंशशास्त्र त्या काळच्या अमेरिकन विद्यापीठांतून मानाने नांदत होते, त्या वातावरणात बाबासाहेब शिकत होते. पुढे १९३६ साली 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये त्यांनी रक्तशुद्धीच्या आणि सुप्रजाजननाच्या नावाने केले जाणारे जातीचे समर्थन तपासून खोडून काढले, ते या शास्त्राची भाषा पुरती ठाऊक असलेल्या माणसाने केलेले खंडन होते.

गोल्डबर्गर यांचे सर्वांत महत्त्वाचे काम मात्र इंजेक्शनांचे नसून हिशेबाचे आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. अर्थशास्त्रज्ञ एडगर सिडेनस्ट्रिकर यांच्याबरोबर त्यांनी १९१६ पासून दक्षिण कॅरोलायनातील सात गिरणी-वस्त्यांची पाहणी केली. प्रत्येक कुटुंबाची मिळकत, त्याने पंधरवड्यात काय खरेदी केले, गिरणीच्या दुकानात काय मिळते, आसपासचे शेतकरी ताजे अन्न विकावयास येतात की नाही, हे सारे त्यांनी लिहून काढले. मिळकत जसजशी कमी, तसतसा पेलाग्रा अधिक, असे स्पष्ट दिसले. दोन वस्त्यांत मजुरी सारखी असूनही जेथे जवळपास दूध व मांस विकत मिळे तेथे रोग कमी होता. म्हणजे कारण गरिबी, परंतु नुसती गरिबीही नव्हे. एकाच पिकाला जखडलेल्या जमिनीची सारी व्यवस्था त्यामागे उभी होती. हे बोलणे दक्षिणेतील पुढाऱ्यांना झोंबले. १९२१ साली कापसाचे भाव कोसळले तेव्हा पेलाग्रा वाढेल असा इशारा आरोग्य सेवेने दिला आणि अध्यक्ष हार्डिंग यांनी मदतीची भाषा केली, तेव्हा दक्षिण कॅरोलायनाचे प्रतिनिधी जेम्स बर्न्स यांच्यासारख्यांनी हा आपल्या भूमीचा अपमान आहे म्हणून निषेध केला. उपासमारीपेक्षा उपासमारीची वार्ता अधिक लज्जास्पद वाटते, हा अनुभव कोणत्याही एका देशाचा नाही.

गोल्डबर्गर १९२९ साली कर्करोगाने निवर्तले. स्वस्त यीस्टने पेलाग्रा बरा होतो हे त्यांनी दाखविले होते आणि १९२७ च्या मिसिसिपी नदीच्या महापुरात त्याचे वाटपही झाले. परंतु अन्नातील तो नेमका घटक त्यांना सापडला नव्हता. तो १९३७ साली कॉनरॅड एल्व्हेजेम यांना सापडला: निकोटिनिक अॅसिड, ज्याला आज आपण नायसिन किंवा ब-३ जीवनसत्त्व म्हणतो. मक्यात ते असते, परंतु इतर द्रव्यांशी असे बांधलेले असते की, शरीराला मिळत नाही. चुन्याच्या पाण्याने ते सुटे होते. शरीर ट्रिप्टोफेन या प्रथिनांतील घटकापासूनही नायसिन तयार करते आणि मक्याच्या प्रथिनात नेमका तोच अत्यल्प असतो. दुधात नायसिन फारसे नसूनही दुधाने मुले का बरी होत होती, याचा उलगडा १९४५ नंतर असा झाला. १९३८ साली टॉम स्पाइझ आणि त्यांचे सहकारी यांनी या औषधाचा मनोविकारावरील परिणाम नोंदविला. भ्रमात बरळणारे, घरच्यांना न ओळखणारे रुग्ण काही दिवसांतच, कधी त्याहूनही लवकर, भानावर आले. घराण्याची उपजत प्रकृती काही दिवसांत बदलत नसते.

डॅव्हनपोर्ट यांच्या पंथाची वाटचाल याच काळात दुसऱ्या दिशेने चालू होती. त्यांचे सहकारी हॅरी लाफलिन यांनी १९२२ साली सक्तीच्या निर्बीजीकरणाच्या कायद्याचा नमुना प्रसिद्ध केला. १९२७ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 'बक विरुद्ध बेल' या खटल्यात असे निर्बीजीकरण वैध ठरविले. त्या देशात एकूण ६० हजारांहून अधिक लोकांवर ते लादले गेले. जर्मनीत नाझींनी १९३३ च्या जुलैत आनुवंशिक रोग्यांच्या संततीला प्रतिबंध करणारा कायदा केला, तेव्हा त्यांच्यापुढे हा नमुना होता. स्किझोफ्रेनिया आणि उन्माद-विषाद हे विकार कायद्याच्या यादीत होते. एर्न्स्ट र्‍यूडिन या ख्यातनाम मनोविकारतज्ज्ञाने त्या कायद्यावरील अधिकृत भाष्य लिहिण्यात भाग घेतला. सुमारे ४ लाख लोकांचे निर्बीजीकरण झाले. १९४० च्या आरंभापासून १९४१ च्या ऑगस्टपर्यंत हाडामार, हार्टहाइम, ग्राफेनेक इत्यादी सहा ठिकाणी सुमारे ७० हजार मनोरुग्ण व अपंग विषारी वायूने मारण्यात आले. त्यानंतर वायूचा वापर थांबला, हत्या थांबली नाही. बव्हेरियाच्या मनोरुग्णालयांना १९४२ च्या नोव्हेंबरात आदेश गेला आणि काम करू न शकणाऱ्या रुग्णांना पाण्यासारख्या पातळ, स्निग्धांशरहित अन्नावर ठेवून उपासमारीने मरू देण्यात आले. मिलेजव्हिलमध्ये ज्या ताटाने रुग्ण वाचविले, तेच ताट येथे डॉक्टरांनी हत्येचे साधन केले. या संहारानंतर वेड्यांचा वंश आटावयास हवा होता. तसे झाले नाही. उपलब्ध पाहण्यांचा २०१० साली घेतलेला आढावा सांगतो की, युद्धोत्तर जर्मनीत स्किझोफ्रेनियाचे नवे रुग्ण आढळण्याचे प्रमाण उलट बरेच होते.

युद्धानंतरचा काळ औषधांचा. १९५२ साली पॅरिसमध्ये क्लोरप्रोमाझिनचा उपयोग सुरू झाला; आपल्याकडील सर्पगंधेचा वेडावरील गुण गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ सालीच इंग्रजीत नोंदविला होता, त्यातील रेसरपिनही त्याच सुमारास पश्चिमेत गेले. औषधे मेंदूतील कोणत्या रसायनांवर काम करतात यावरून विकाराचे कारणही त्याच रसायनात आहे, असे अनुमान काढण्यात आले. ताप उतरविणाऱ्या गोळीवरून, शरीरात त्या गोळीची उणीव होती म्हणून ताप आला, असे म्हणण्यासारखे ते होते. औषधांनी असंख्य रुग्णांना साखळदंडांतून सोडविले, हे सत्य त्यामुळे कमी होत नाही आणि चालू औषध कोणी या लेखावरून सोडू नये. आनुवंशिकतेचा वाटाही खोटा नाही. स्किझोफ्रेनियात एकसारख्या जुळ्यांपैकी एकाला विकार झाला तर दुसऱ्याला तो होण्याचा संभव जवळपास निम्मा असतो; २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका विस्तृत अभ्यासात गुणसूत्रांवरील २८७ स्थाने या विकाराशी निगडित आढळली. परंतु त्यांतील बहुतेकांचा परिणाम अत्यल्प आहे आणि त्यांपैकी बरीचशी तुमच्याआमच्यात, निरोगी माणसांतही वास करतात. हीन रक्ताची म्हणून निराळी काढता येईल अशी माणसांची जात त्यातून निघत नाही. उलट, १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मन वेढ्यामुळे हॉलंडमध्ये दुष्काळ पडला, त्या भीषण महिन्यांत ज्यांची गर्भधारणा झाली त्यांच्यात पुढे स्किझोफ्रेनियाचे प्रमाण दुप्पट आढळले, हे सुसर आणि लिन यांनी १९९२ साली दाखविले. आईच्या पोटातील भूक मुलाच्या मेंदूत उतरते. हेही शारीरिकच कारण आहे.

पेलाग्राचे शेवटचे प्रकरण आपल्या भूमीशी जोडलेले आहे. दख्खनच्या पठारावर ज्वारी हे मुख्य अन्न असलेल्या गरिबांत हा रोग दिसे, आणि ज्वारीत नायसिन मक्याप्रमाणे बांधलेले नसल्यामुळे शास्त्रज्ञांना ते कोडे वाटे. हैदराबादच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत सी. गोपालन आणि एस. जी. श्रीकांतिया यांनी १९६० साली असा सिद्धांत मांडला की, ज्वारीतील ल्युसिन या घटकाच्या आधिक्यामुळे शरीराच्या नायसिन वापरण्यात अडथळा येतो. त्यावर पुढे मतभेद झाले. तथापि भाकरीबरोबर डाळ, दूध किंवा मांस ज्याच्या ताटात पडते त्याला ज्वारीने पेलाग्रा होत नाही, याविषयी मतभेद नाही. कोरड्या भाकरीवर दिवस काढणाऱ्या मजुरालाच तो गाठतो. आणि १९९० साली आफ्रिकेतील मलावी देशात, मोझांबिकमधून आलेल्या निर्वासितांच्या छावण्यांत, सुमारे १८ हजार लोकांना पेलाग्रा झाला. शिध्यातील मका पूर्वीसारखाच मिळत होता. बंद पडले होते ते शेंगदाण्यांचे वाटप.